भोंग्यापर्यंतची तार

बीड जिल्ह्यात नारायणगड, गहिनीनाथगड आणि गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनाची परंपरा जुनी आहे. ध्वनिवर्धक येण्याआधी कीर्तन किती जणांना ऐकू जाईल, हे बुवांच्या गळ्यावर ठरे. पुढे माईक, आवाज वाढवणारे मशीन आणि भोंगे आले आणि आवाज तारेवर चढला.

तारेचे शास्त्र त्याआधीच तयार होते. जॉर्ज ओहम यांनी 1827 मध्ये विद्युतरोधाचा नियम मांडला. 1870 मध्ये मुंबई समुद्री तारेने एडनमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. लांब तारेत संदेश विस्कटतो, याचे गणित ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880च्या दशकात मांडले. तो प्रश्न मैलोगणती अंतराचा होता. मंडपातली तार जेमतेम शंभर मीटरची, त्यामुळे तिथे ओहमचा नियमच पुरतो.

शंभर वॅटचे मशीन आठ ओहमच्या स्पीकरला सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह देते. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 100 मीटर ओढली, तर जाऊन-येऊन तिचा रोध 1.4 ओहम भरतो आणि साधारण 17 वॅट तार तापवण्यातच जातात. 100 व्होल्टची लाइन हा त्यावरचा तोडगा. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो, प्रवाह एक अँपिअरवर येतो आणि भोंग्यापाशी दुसरा ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो. नुकसान दीड वॅटच्या आत येते. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीज उच्च दाबाने दूर नेतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

माईकच्या तारेची अडचण वेगळी. तिच्यातला संकेत काही मिलिव्होल्टचा असतो आणि शेजारून लाइटची वायर गेली की भोंग्यातून घूं असा आवाज येतो. म्हणून तिच्यात पिळलेल्या दोन तारा आणि वरून जाळीचे वेष्टन असते. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि मशीन दोन्हींतला फरकच घेत असल्याने तो वजा होतो.

विसाव्या शतकातल्या दोन शोधांनी यापुढची वाट दाखवली. पहिला अतिवाहकतेचा. 1911 मध्ये कामरलिंग ओनेस यांना उणे 269 अंशांवर पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला. 1986 नंतर मिळालेल्या नव्या अतिवाहकांनाही कडाक्याची थंडी लागतेच. नेहमीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक उद्या सापडला, तरी मंडपात ते 17 वॅटच वाचतील. आवाजात एक डेसिबलचीही भर पडणार नाही.

दुसरा शोध काचतंतूंचा. चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये शुद्ध काचेतून प्रकाशसंकेत दूर नेता येतील, असे दाखवले. 1979 मध्ये पुण्यात टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी असा दुवा सुरू झाला आणि 1983 मध्ये तोशिबाने घरगुती ध्वनियंत्रांसाठी प्रकाशाची केबल आणली. बीडशेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आता स्टरलाइट कंपनी काचतंतू बनवते. काचेत वीजप्रवाहच नसल्याने लाइटच्या वायरची घूं तिच्यात शिरत नाही. मात्र भोंगा हलवायला वीज लागते, म्हणून काचतंतू मशीनपर्यंतच चालतो. शेवटच्या टप्प्याला तांबेच लागते.