वडिलार्जित भूमि आणि सरकारचा कर

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत मुंबईच्या जुन्या जमिनींची हकीकत कशास, असें आर्णीकर वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, घरपट्टीचें बिल आजोबांच्या नांवानें येत आहे, आजोबा व आईबाप केव्हांच प्रभूच्या घरीं गेले आहेत, आणि थकबाकीचा दावा मात्र न्यायालयांत उभा आहे, असें एक घर अरुणावतीच्या कांठींहि आमच्या पाहण्यांत आलें. भांडण कराचें म्हणून सुरू होतें. पुढें कळतें कीं तें मुळांत मालकीचें आहे. मुंबईंत हेंच झालें होतें.

इ. स. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली. तिचा ताबा १६६५ सालीं हंफ्री कुक ह्यानें घेतला, आणि १६६८ सालीं राजानें ती सालीना दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस दिली. बेटावरील पुष्कळ जमीन त्या वेळीं पोर्तुगीज व एतद्देशीय कॅथोलिक कुटुंबांकडे वंशपरंपरेनें चालत आलेली होती. पोर्तुगीज अमलांत तिजवर 'फोरो' नांवाचा हलका सारा असे व प्रसंगीं लष्करी चाकरीचें बंधन असे. नवे अधिकारी म्हणूं लागले कीं, हक्काचा पुरावा दाखवा, नाहीं तर जमीन राजाची. कांहीं जमिनी जप्तहि झाल्या. ज्यांच्या वाडवडिलांनीं सनद जपून ठेवली नव्हती, त्यांची काय अवस्था झाली असेल ती सांगावयास नको.

हा गुंता गव्हर्नर जेराल्ड आंजियर ह्यानें १६७२ सालीं सोडविला. भूधारकांनीं मिळून सालीना २०,००० झेराफीन, म्हणजे त्या काळचीं रुप्याचीं नाणीं, द्यावींत. जुना फोरो त्यांतच धरावा. आणि कंपनीनें जमिनींवरील आपला दावा सोडून त्या धारकांकडे कायम कराव्यात, असा करार ठरला. १६७४ सालीं तो पक्का झाला. रक्कम लहान नव्हती, आणि पूर्वीपेक्षां अधिक द्यावें लागलें म्हणून कोणी कुरकुरले असतील तर त्यांस आम्ही दोष देत नाहीं. तथापि एकेकट्यानें सरकारशीं झगडण्यापेक्षां सर्वांनीं एकत्र बसून, कर पत्करून, बदल्यांत मालकी मान्य करून घेतली, हा सौदा आम्हांस शहाणपणाचा वाटतो. हा कर पुढें एकोणिसाव्या शतकांतहि मुंबईच्या कलेक्टरच्या दप्तरीं 'पेन्शन अँड टॅक्स' ह्या नांवानें नांदत होता. त्यांतील पेन्शनचा निवृत्तिवेतनाशीं कांहीं संबंध नाहीं, हें जातां जातां सांगून ठेवतों.

आमचें वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें आणि मग येथें मुंबईच्याच धर्तीवर शेतवार पाहणी झाली. त्यामुळें आमचे लोक सनदेपेक्षां सातबाऱ्यावर व कराच्या पावतीवर भिस्त ठेवतात. ही समजूत अपुरी आहे. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व बुडतहि नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. मालक कोण, हें वारसाचा कायदा ठरवितो. आम्हां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि विधवा व मुलें मागें असतील, तर एक तृतीयांश विधवेचा, आणि उरलेला भाग मुलांचा. त्यांत मुलगा व मुलगी सारखींच. विवाह होऊन परगांवीं गेलेल्या मुलीचा वांटा नाहींसा होत नाहीं, हें कित्येक सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतें.

वर सांगितलेल्या घरीं तिघां भावांनीं थकबाकी हप्त्यांनीं फेडून दावा मिटवावयाचें ठरविलें. कागद तयार झाला, तो वाचावयास आमच्याकडे आला. त्यांत बहिणीचें नांव नव्हतें. थोरला म्हणाला, "फादर, तिला उगाच कशाला त्रास?" आम्हीं कागद परत केला. तिला बोलाविण्यांत दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत भावांनीं आमच्याशीं फारसें भाषण केलें नाहीं. शेवटीं चौघांच्या सह्या झाल्या व नोंदवहींतहि चौघांचीं नांवें लागलीं. हप्त्याचा चौथा हिस्सा ती आतां मुदतीपूर्वींच पाठविते.