सातबाऱ्याचा सर्व्हर 'बिझी' का होतो?

डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. सालवडचा शेतकरी तलाठ्याकडे हेलपाटा न मारता १५ रुपयांत मोबाईलवरच उतारा काढू शकतो. पण पीककर्जाच्या दिवसांत पान नुसतं गोल गोल फिरत राहतं आणि सगळे म्हणतात, सर्व्हर डाऊन आहे. बऱ्याचदा तो बंद नसतो, कामात अडकलेला असतो.

सर्व्हरच्या प्रोसेसरमधला एक कोअर एका क्षणी एकच काम करतो. शेकडो कामं आली की प्रत्येकाला काही मिलिसेकंद देऊन तो पुढच्याकडे वळतो. आपल्याला वाटतं सगळी एकदम चाललीत. एखादं काम डिस्कवरून माहिती यायची वाट बघत असेल तर ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं जातं.

मोठा डेटा एका मशीनवर मावत नाही. तो अनेक सर्व्हरवर वाटून, प्रत्येक भागाच्या दोन-तीन प्रती करून ठेवतात. खरी गोची इथेच आहे. फेरफार चढवताना ती नोंद तेवढ्यापुरती कुलूपबंद करावी लागते; नाहीतर दोघांनी एकाच वेळी बदल केला तर एकाचं नाव उडायचं. मग सगळ्या प्रती जुळवायच्या, त्यात वेळ जातो. म्हणून बॅकअपसारखी जड कामं रात्री ठेवतात, नाहीतर त्यांना मागचा नंबर देतात.

पान अडकलं की पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारणं म्हणजे रांगेत आपणच आणखी माणसं उभी करणं. पैसे कापले गेले असतील तर आधी पेमेंटची स्थिती बघावी, लगेच दुसऱ्यांदा भरू नयेत. बिनसहीचा मोफत उतारा फक्त माहितीपुरता असतो, सरकारी कामाला तो चालत नाही.