यंत्राशीं कामाचें बोलणें

मनुष्याच्या बोलण्याचे दोन प्रकार सहज वेगळे करतां येतात. एक बोलण्याच्या सुखासाठीं चाललेलें, दुसरें कांहीं काम उरकण्यासाठीं होणारें. ओटीवरच्या गप्पा पहिल्या प्रकारांत मोडतात. आगगाडीच्या तिकिटाच्या खिडकीपाशीं होणारें बोलणें दुसऱ्या प्रकारांत. संगणकाला बोलतें करण्याच्या खटपटीचा इतिहास पाहतां, हा भेद नीट ओळखला गेला तेव्हांच या विद्येला खरें वळण लागलें, असें आम्हांस वाटतें.

१९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबाउम यांनीं 'एलायझा' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. बोलणाराचेंच वाक्य फिरवून प्रश्नरूपानें त्याला परत करावयाचें, एवढीच तिची युक्ति. तरी वायझेनबाउम यांची लेखनिक बाई तिच्याशीं बोलतांना त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगूं लागली! हें पाहून ते अस्वस्थ झाले, आणि १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं अशा भ्रमाविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. एलायझाला कांहीं साधावयाचें नव्हतें. म्हणून तिचें चुकलें कीं बरोबर आलें, हें ठरविण्याचें मापही नव्हतें.

तें माप पुढें 'गस'नें आणलें. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत डॅनियल बॉब्रो व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. विमानप्रवासाची व्यवस्था करणें एवढेंच तिचें काम. तिच्या पोटांत मनिऑर्डरीच्या छापील कागदासारखी एक चौकट असे : कोठें जावयाचें, कोणत्या दिवशीं, किती वाजतां. रिकामा रकाना दिसला कीं यंत्र प्रश्न विचारी. परंतु उत्तर त्याच क्रमानें यावें असा हट्ट धरीत नसे. केव्हां निघणार, असें विचारल्यावर प्रवाशानें अमुक वेळेच्या आंत तेथें पोंचलेंच पाहिजे असें सांगितलें, तरी त्यावरून योग्य विमान शोधण्याची सोय तींत होती. शब्दशः पाहिलें तर हें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरच नव्हे. पण माणसें असेंच बोलतात.

माणसें यंत्राशीं कशीं बोलतील, हें आधीं कळावें कसें? जॉन केली यांनीं १९८०-९० या दशकाच्या पूर्वार्धांत एक चतुर उपाय योजला. पडद्याआड मनुष्य बसवून यंत्राची उत्तरें त्यानें द्यावयाचीं, आणि प्रत्यक्ष संभाषणें जमतील तसतसा त्याचा हात काढून घ्यावयाचा. पुढें टेलिफोन आला. १९९७ सालीं 'ज्युपिटर' ही प्रणाली लोकांना टेलिफोनवरून हवामान सांगूं लागली. कानानें ऐकावयाचें म्हणजे चुकीचें ऐकण्याची भीति आलीच. म्हणून ऐकलेलें पुन्हा विचारून खात्री केव्हां करावी, हाच मोठा प्रश्न झाला. वारंवार विचारलें तर मनुष्य चिडतो, न विचारलें तर भलत्याच गांवचें तिकीट हातांत येतें. केंब्रिजचे स्टीव्ह यंग आदि संशोधकांनीं एकाच अर्थावर विसंबण्याऐवजीं अनेक संभाव्य अर्थ कमीअधिक विश्वासानें मनांत बाळगण्याची गणिती रीत घडविली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं शेतमालाचे भाव विचारतां यावेत यासाठीं मराठी शेतकऱ्यांचे आवाज टेलिफोनवरून गोळा केले. या विद्येचा उपयोग कोणाला व्हावा, हें त्या उद्योगावरून चांगलें कळतें.

२०२२ च्या अखेरीस 'चॅटजीपीटी' आल्यापासून यंत्रांचें बोलणें कमालीचें ओघवतें झालें आहे. पण ओघ हा कामाचा पुरावा नव्हे, हा एलायझाचा धडा अजून शिळा झालेला नाहीं. शिवाय चौकट कोणी आंखली, हाही प्रश्न उरतोच. तक्रारीचा रकानाच ठेविला नाहीं, तर तक्रार करणारानें कितीही विनवलें तरी यंत्राला ती ऐकूं येणार नाहीं. आणि पेढीच्या दृष्टीनें तें संभाषण 'सफल' झालेलें असेल. हेतुपूर्वक संभाषण म्हणतांना हेतु कोणाचा, हें आधीं विचारलें पाहिजे. कळलें नाहीं तर तसें सांगणारें, आणि वेळीं बोलणाराला जित्याजागत्या मनुष्याच्या हवालीं करणारें यंत्रच आम्ही सुसंस्कृत म्हणूं.