कीटकांचा विकास आणि उत्क्रांती
अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या वाढीत झालेल्या बदलांतून कीटकांची नवी शरीररचना कशी घडली, याचा अभ्यास करणारी जीवविज्ञानाची शाखा. महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम पुण्याच्या आयसर या संस्थेत (स्थापना २००६) एल. एस. शशिधरा यांच्या गटाने केले.

हिंगोली जिल्ह्यात हळदीचे कंद पोखरणारी कंदमाशी भिंगाखाली धरली, तर पंखांच्या जोडीमागे टाचणीच्या डोक्यासारखे दोन दांडे दिसतात. हे संतोलक, उडताना तोल सांभाळणारे. मधमाशीला मात्र त्याच जागी मागचे पंख असतात. फळमाशीत हा फरक अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक घडवते. शरीराच्या त्या खंडात ते निकामी झाल्यास चार पंखांची माशी जन्मते, हे एडवर्ड लुईस यांनी दाखवले (नोबेल, १९९५).

मधमाशी व रेशीमकिड्यातही हे जनुक त्याच खंडात कार्यरत असते, तरी तेथे पंख येतातच. पुण्याच्या गटाने या दोघांचे जनुक फळमाशीत घातले, तेव्हा त्यानेही पंखांची वाढ दाबली. अर्थात निव्वळ या जनुकापासून बनणारे प्रथिन बदलले म्हणून संतोलक आले, असे म्हणता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. पंख घडवणारी बरीच जनुके तिन्ही कीटकांत सुमारे ३० कोटी वर्षे याच प्रथिनाची लक्ष्ये राहिली आहेत. त्यांतील काहींच्या शेजारचे नियंत्रक डीएनए क्रम मात्र बदलले.