मैत्रीची शाळा

मनुष्य घडविण्याचा मान आपण शाळेस देतों. परंतु कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याचें चरित्र पाहतां तो मित्रांस द्यावा असें आम्हांस वाटतें. १८७९ सालीं जन्मलेला हा बुजरा, पितृहीन मुलगा टनब्रिजच्या शाळेंत छळामुळें मिटून गेला होता. १८९७ सालीं, अठराव्या वर्षीं, तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत आला. तेथें ह्यू मेरेडिथशीं मैत्री जडली. त्याच्याशीं वाद करतां करतां फॉर्स्टरची धर्मश्रद्धा ढळली. आणि आपली ओढ पुरुषांकडे आहे, हेंही त्या स्नेहांत त्यास उमगत गेलें.

अशाच प्रेमापायीं १८९५ सालीं ऑस्कर वाइल्ड तुरुंगांत गेला होता. म्हणून असें प्रेम सुखान्त रंगविणारी 'मॉरिस' ही कादंबरी १९१४ सालीं पुरी होऊनही फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर, १९७१ सालींच छापली गेली. १९२१ सालीं तो देवास थोरल्या पातीच्या मराठा संस्थानांत खासगी चिटणीस होता. त्याची प्रवृत्ति कळल्यावरही महाराज तुकोजीराव पवारांनीं स्नेह तोडला नाहीं.

इंग्लंडचा कायदा १९६७ सालीं सैलावला, आपला २०१८ सालीं. मित्रांनीं न्याय त्यापूर्वींच दिला होता.