चौदा चित्रे आणि एक खिडकी

पियानोचे सूर जुळवणाऱ्या माणसाचे खेळण्यांच्या इतिहासात काय काम, असे तुम्ही विचाराल. पण विल्यम ग्रुबर या अशाच गृहस्थाने ओरेगनमधल्या ‘सॉयर्स’ या पोस्टकार्डवाल्या कंपनीशी संधान बांधले आणि १९३९ साली व्ह्यू-मास्टर जन्मला. चकतीवर चित्रे चौदा, दिसतात मात्र सातच! उरलेल्या सातांचा अपहार झालेला नाही, हे मी बँकेतला कारकून म्हणून जबाबदारीने सांगतो. एक डाव्या डोळ्याच्या खाती, एक उजव्याच्या. दोन्ही नोंदी जुळल्या की मेंदू खोली काढून देतो. आम्ही कॉमर्सवाले याला डबल एंट्री म्हणतो. चार्ल्स व्हीटस्टनने ती १८३८ सालीच मांडली होती.

पण मुकं खेळणं लोकांना किती दिवस बघवणार? १९७० साली चकतीला छोटी ध्वनिमुद्रिका चिकटवून त्याला बोलतं केलं. २०१५ साली मॅटेल आणि गूगल यांनी त्यात चक्क मोबाइल बसवला. मान वळवाल तिकडे चित्र!

जुन्यात सात खटके झाले की खातं बंद. मागून लगेच ओरडा, “आता माझी पाळी!” नव्यात चित्र संपतच नाही, मग पाळी यायची कधी? शिवाय आपला मोबाइल दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे तिजोरीची किल्लीच देणं.

२०२१ साली गूगलने आपला पुठ्ठ्याचा चष्मा विकणं थांबवलं. जुन्या चकत्या मात्र कुणाकुणाच्या माळ्यावर अजून असतील. त्यांना चार्जर लागत नाही, खिडकी तेवढी उघडावी लागते.