हर्णै ते शूटर्स हिल

तर झालं असं की शनिवारी सकाळी आम्ही तिघं चहा प्यायला म्हणून बाहेर पडलो आणि रविवारी रात्री घरी परतलो. शुक्रवारचं रिलीज रात्री दोनला संपलं होतं, डोकं बधिर होतं. मित्र म्हणाला, "चल, ताम्हिणीपर्यंत जाऊन येऊ." ताम्हिणी संपला तरी गाडी वळव असं कोणीच म्हणेना. माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर... बागमांडल्याला जंगलजेटीत गाडी चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो आणि बाणकोट, केळशी, आंजर्ले करत संध्याकाळी हर्णै. वाटेत गाड्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे ऑफिसचा फोन नाही. स्वर्ग!

बंदरावर मासळीचा लिलाव जोरात चालला होता. समोर पाण्यात एक किल्ला. एका होडीवाल्या काकांना विचारलं, "काका, नेणार का किल्ल्यावर?"

"आता नाय हो, अंधार पडंल. सकाळी या, सुवर्णदुर्ग कुठं पळून जात नाय."

सुवर्णदुर्ग. हे नाव मी कुठेतरी पाहिलं होतं, पण मराठीत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑनसाईटला लंडनच्या आग्नेय भागात राहायचो. जवळच शूटर्स हिल नावाची टेकडी, तिच्यावरच्या झाडीत एक त्रिकोणी बुरूज. नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. रविवारी पाय मोकळे करायला तिथे जायचो, फोटोही काढले. शिलालेखात मलबार किनाऱ्याचा उल्लेख आहे, त्यामुळे केरळातलं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं. च्यायला, ते 'सेव्हर्नड्रूग' म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! आणि मी सात महिने त्याच्या सावलीत सँडविच खात होतो.

घरी आल्यावर पुस्तकं काढली. कान्होजी आंग्र्यांच्या पश्चात दक्षिणेकडचं आरमार पुढे त्यांचा मुलगा तुळाजी याच्याकडे आलं. तुळाजी दर्यावर जबरदस्त, पण नानासाहेब पेशव्यांना जुमानत नव्हता. पेशव्यांनी 1755 साली मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून कंपनीची जहाजं. कमोडोर विल्यम जेम्सने आपलं 'प्रोटेक्टर' हे जहाज किल्ल्याच्या अगदी जवळ नेऊन तोफा डागल्या, दारूचा साठा पेटला आणि एप्रिल 1755 च्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, त्या लढाईत तुळाजीचं आरमार जळून गेलं. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. किल्ले पेशव्यांना मिळाले, इंग्रजांना बाणकोट मिळालं. म्हणजे ज्या रस्त्याने आम्ही गाणी म्हणत गेलो, तोच हा सौदा!

जेम्स 1783 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने शूटर्स हिलवर हा बुरूज बांधला. विजयाचं सगळं श्रेय शिलालेखात जेम्सला. बरोबर मराठ्यांची फौज होती, याचा तिथे उल्लेख नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर हुशार पण अजिबात न ऐकणाऱ्या टीम लीडला हटवायला मॅनेजरने बाहेरचा व्हेंडर आणला, आणि जाताना व्हेंडर सर्व्हर रूमची किल्ली घेऊन गेला. पण थांबा, उपमा दिली की सोपं वाटतं. 'पेशव्यांनी मराठी आरमार बुडवलं' असं एका वाक्यात म्हणणं मला आता पटत नाही. विजयदुर्गावर पेशव्यांचं आरमार नंतरही होतं. आनंदराव धुळपांनी 1783 साली इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं होतं. आणि शेजाऱ्याचं भांडण मिटवायला परका बोलावणारे नानासाहेब पहिले नव्हते, शेवटचेही नव्हते. 1755 मध्ये पुण्यात बसून पाहणाऱ्याला कंपनी म्हणजे मुंबईतले व्यापारीच दिसत असणार. प्लासी अजून दोन वर्षं लांब होती.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि आसऱ्याला आला तो याच सुवर्णदुर्गात. तिथून समुद्रमार्गे वसई गाठली आणि 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह केला. चुलत्यांनी इंग्रजांच्या मदतीने घेतलेल्या किल्ल्यातून पुतण्या इंग्रजांच्याच आसऱ्याला गेला. मध्ये फक्त 47 वर्षं.

रविवारी सकाळी होडीने किल्ल्यावर गेलो. आत रान माजलंय, तटबंदी मात्र अजून भक्कम. काकांना मोबाईलवर लंडनचा तो फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिला.

"आमच्या किल्ल्याचं नाव तिकडं?"

"हो."

"मंग तिकडच्या लोकांना म्हायतीय का हा कुठं हाय ते?"

मला सात महिन्यांत कळलं नव्हतं, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.